सहाव्या आवृत्तीखालचं नाव

"एक ओळ लिहायची आहे फक्त," सासूबाई म्हणाल्या. "एक ओळ आणि तुझं नाव. त्यात तुझं काय झिजतंय?"

"ओळ एकच आहे, आई. पण ती खरी असायला लागते."

"मग तो काय खोटं लिहितो?"

"तो नाही. मी लिहीन."

दोघींच्या मध्ये मटारच्या शेंगांचा ढीग होता. सासूबाई आज शेंगा सोलत नव्हत्या, फोडत होत्या. निम्मे दाणे भांड्यात जात होते आणि निम्मे टेबलाखाली. थोरली सून ते उचलत नव्हती. एरवी तिने उचलले असते. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान खालच्याच मजल्यावर होतं. तो चहाच्या निमित्ताने वर आला होता आणि चहा संपून गेला तरी कप धरून दारात उभा होता, म्हणजे त्यालाही काहीतरी बोलायचं होतं.

"आत जाऊ दे ना," तो म्हणाला. "मग करा दुरुस्त सावकाश."

"तू चुकीच्या नंबराची काच बसवून देतोस का गिऱ्हाइकाला? मग सावकाश बदलू म्हणून?"

"माझं गिऱ्हाईक माझा भाऊ नसतो."

"असतो. त्याचा चष्मा तूच केलायस."

नवऱ्याने कपात पाहिलं. त्यात काही नव्हतं. "मी आपलं सुचवलं," असं म्हणून तो जिना उतरला. दुकानाची घंटा वाजल्याचं वर ऐकू आलं.

गोष्ट तशी साधी होती आणि घरात ती आता सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. धाकट्या दिराने एक पॅच लिहिला होता. पॅच म्हणजे चालू प्रोग्रॅममधल्या कुठल्या ओळी काढायच्या आणि कुठल्या घालायच्या, एवढंच. हा प्रोग्रॅम कंप्युटरच्या गाभ्याचा होता, कर्नेलचा, आणि त्यात बदल करायचा तर तो मेलिंग लिस्टवर, उघड्यावर पाठवावा लागतो. जगातलं कुणीही तो वाचू शकतं आणि प्रत्येक ओळीखाली आपली शंका लिहू शकतं. शंका आली की दुसरी आवृत्ती, मग तिसरी. कुणा जाणत्याचं समाधान झालं की तो शेवटी एक ओळ लिहितो, की हे मी तपासलं आहे, आणि खाली नाव. ती ओळ त्या बदलाला कायमची चिकटते. माणूस नोकरी सोडतो, मरतो, ओळ तिथेच राहते.

थोरली अशा जाणत्यांपैकी होती. कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या ती हा पॅच ज्या मशीनांसाठी होता ती बनवणाऱ्या कंपनीत लागली, त्यांचं जाडजूड मॅन्युअल तिने लग्नाआधी एकदा आणि मुलगी पोटात असताना एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्याची जुनी प्रत आता सासूबाईंच्या पायाखाली असायची, खुर्चीत बसल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून. गेली कित्येक वर्षं तिचं काम इतरांचे पॅच वाचणं हेच होतं. धाकट्याने तिचं नाव किसणी ठेवलं होतं. वहिनीकडे अख्खा पॅच द्या, कीस होऊन परत येतो. लिस्टवरच्या कुणालातरी त्याने हे सांगितलं आणि तेव्हापासून ते लोकही तिला त्याच अर्थाचं काहीतरी म्हणू लागले. तिला ते आवडायचं. ती दाखवायची नाही.

मशीन कसलं, हेही तिने एकदा सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. दोन फ्रीज शेजारी उभे करावेत एवढं कपाट, बँका आणि विमा कंपन्या ज्याच्या जिवावर चालतात. "त्या एका मशीनच्या पोटात, आई, शेकडो मशीनं राहतात. प्रत्येकाला वाटतं, घर आपल्या एकट्याचंच. ते पाहुणे. खरं घर चालवतो तो यजमान. पाहुणा काही हुकूम असे सोडतो की ते पुरे करणं त्याच्या हातात नसतं. मग ते यजमान गुपचूप करून टाकतो आणि पाहुण्याला वाटतं, आपणच केलं."

"म्हणजे माझ्यासारखं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "या घरातही सगळ्यांना वाटतं, आपणच केलं."

त्या दिवशी सगळे हसले होते. तेव्हा पॅचची पहिलीच आवृत्ती होती.

आता सहावी होती. त्या विभागाचा मेंटेनर, म्हणजे शेवटी कुठला बदल आत घ्यायचा ते ठरवणारा माणूस, घरात कुणीच पाहिलेला नव्हता. सगळे त्याला म्हातारबुवा म्हणत. म्हातारबुवांनी लिहिलं होतं की उद्या संध्याकाळपर्यंत किसणीबाईंची ओळ आली तर सहावी आवृत्ती या फेरीत घेतो, नाहीतर पुढच्या. पुढची फेरी म्हणजे दोन-अडीच महिने. आणि धाकट्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याची कंपनी या महिन्याच्या शेवटी ठरवणार होती. त्याच्या साहेबाने स्पष्ट सांगितलं होतं, तुझा एक तरी बदल कर्नेलमध्ये गेलेला दाखव. लिफ्टच्या देखभालीचे करार विकायची बरी चाललेली नोकरी त्याने दोन वर्षांपूर्वी चाळिशीला टेकलेला असताना सोडली होती. ती थोरलीच्या भरवशावर. तिच्याच टेबलाशी बसून तो हे शिकला होता.

धाकटा दुपारी स्वतःच आला. तो दोन गल्ल्या सोडून राहायचा. आल्या आल्या तो टेबलाखाली वाकला आणि मटारचे दाणे गोळा करायला लागला.

"राहू दे रे ते," सासूबाई म्हणाल्या. "तुझं काय ते बोल."

तो मूठभर दाणे घेऊन उभा राहिला. "वहिनी, पाच आवृत्त्यांत तू मला काय काय सांगितलंस ते आठव. कॉमेंटमधलं स्पेलिंग. ओळ लांब झाली. एका व्हेरिएबलचं नाव तर तीनदा बदलायला लावलंस. मी बदललं. आणि आता सहाव्यात तुला आठवलं, की पाहुण्याची मेमरी जागेवर नसेल तर काय होईल?"

हे खरं होतं, म्हणून थोरलीला जास्त राग आला. "उशिरा आठवलं म्हणून विचारायचं नाही का?"

"विचार. पण होतं काय, ते तरी सांग."

"मला माहीत नाही. म्हणून तर टेस्ट लिही म्हटलं."

"आठवडाभर म्हातारबुवांच्या मशीनवर चाललंय. काहीही झालं नाही."

"त्या मशीनवर मेमरी रग्गड आहे. कधी कमी पडतच नाही. कमी पडल्याशिवाय कसं कळणार?"

"मग तुला नक्की म्हणायचंय काय?"

"मला काय म्हणायचं ते मी लिस्टवर लिहिलंय."

"हो. लिस्टवर." त्याने दाणे भांड्यात टाकले. "सगळ्या जगासमोर. माझा साहेब रोज वाचतो. सकाळी मला विचारतो, आज तुमच्या वहिनी काय म्हणाल्या."

"चार लोकांत शोभा करून घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "घरचं माणूस चुकलं तर घरात सांगावं. ही बाहेर सांगते."

"तो नियमच तसा आहे, आई. घरात सांगितलं तर लोक म्हणतील, आपल्या माणसाला मागच्या दाराने आत घेतलं."

"मग पुढच्या दाराने तरी घे."

धाकटा गेला. सासूबाई भांडं उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे झाकणांची आदळआपट सुरू झाली.

थोरलीचं टेबल वॉशिंग मशीनच्या शेजारी होतं. घरात जागाच तेवढी होती, आणि प्लगही. कपडे पिळायची वेळ आली की टेबल थरथरायचं आणि स्क्रीनवरची अक्षरं नाचायची. नवऱ्याने तिला बरोबर स्क्रीनच्या अंतराचा चष्मा करून दिला होता, त्यातून ना दारातला माणूस नीट दिसायचा ना हातातली सुई. तिने तो लावला आणि धाकट्याने जी टेस्ट लिहिली नव्हती ती लिहायला घेतली.

टेस्ट अशी होती. पाहुणा हुकूम देतो, ही एवढी जागा पुसून कोरी कर. यजमान पुसायला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी ती जागा त्याच्या हाताखालून काढून घ्यायची. अशा वेळी यजमानाने जागा परत आणायची, पाहुण्याला एक पाऊल मागे उभं करायचं, म्हणजे तो तोच हुकूम पुन्हा सोडतो आणि या खेपेला काम होतं. पाहुण्याला यातलं काहीही कळत नाही. पाऊल मागे घ्यायला विसरलं, तर पाहुणा काम झालंच समजून पुढे चालू लागतो.

टेस्ट धड चालायलाच बराच वेळ गेला. मध्ये मुलगी कॉलेजातून आली, "आजी का आदळतेय?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीत गेली. वॉशिंग मशीन पिळायला लागलं. थरथरत्या स्क्रीनवर निकाल आला. पाहुणा पुढे गेला होता. जागा पुसलीच नव्हती. जुना मजकूर तसाच होता आणि पाहुणा सांगत होता, पुसलं.

तिने पुन्हा चालवलं. तेच.

"बघा," थोरली वॉशिंग मशीनला म्हणाली.

तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सकाळपासून तीन माणसं तिच्या डोक्यावर जे मिरे वाटत होती, त्या सगळ्याला आता उत्तर होतं. तिने मेल लिहायला घेतलं. पहिल्या दोन ओळी तर फारच छान जमल्या, थंड आणि धारदार. तिसऱ्या ओळीत चूक नेमकी कुठल्या आवृत्तीत शिरली ते सांगायचं होतं. तसं सांगायची पद्धतच असते. म्हणून तिने जुन्या आवृत्त्या काढल्या.

पाचवीत चूक होती. चौथीत होती. तिसरीत होती.

दुसरीत नव्हती.

दुसरीत धाकट्याने पाऊल मागे घेण्याची ओळ दोन ठिकाणी लिहिली होती. दोन्ही ठिकाणी बरोबर. तिसरीत त्या दोन्ही जागा मिळून एक फंक्शन झालं होतं, आणि एका वाटेने गेलं तर ते पाऊल मागे घेण्याच्या आधीच बाहेर पडत होतं. फंक्शन थोरलीने लगेच ओळखलं. त्याचं नाव तिनेच सुचवलेलं होतं. दुसऱ्या आवृत्तीच्या त्या दोन ओळींखाली तिने लिहिलं होतं, 'हेच दोनदा कशाला? एकत्र कर.' आणि तिसरी आल्यावर, 'आता बरं दिसतं.'

बरं दिसतं. तिने चष्मा काढला.

मग तिला ते जेवण आठवलं. अंडी होती, आणि धाकटा मिठाची बाटली उगाचच इकडून तिकडे सरकवत होता. "वहिनी, ते दोन ठिकाणी मुद्दाम होतं," तो म्हणाला होता. आणि तिने मान वर न करता सांगितलं होतं, "जेवताना कामाचं नको. लिस्टवर लिही." हा तिचाच नियम. दोन वर्षांपूर्वी तिनेच घातलेला, घरात मी वहिनी, लिस्टवर मी तपासणारी. घरात सगळे तो पाळत. धाकटा सगळ्यात जास्त.

लिस्टवर त्याने लिहिलं होतं, 'धन्यवाद, पुढच्या आवृत्तीत करतो.'

दुसरा कुणी असता तर फाडकन लिहून मोकळा झाला असता, तुमचं चूक आहे, हे बघा का ते. लिस्टवर लोक तसंच लिहितात. तिलाही कितीदा लिहिलेलं होतं आणि तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण हा पडला दीर. चार लोकांत वहिनीला चूक म्हणायची त्याला सोय नव्हती, आणि घरात ती ऐकून घेत नव्हती.

अरे, बोलायचं ना, ती मनात म्हणाली, आणि हा राग नक्की कुणावर काढायचा ते तिला कळेना. लिहिलेल्या छान ओळी तिने पुसल्या. त्या मात्र पुसल्या गेल्या.

तिने फोन लावला.

"त्या दिवशी मिठाची बाटली सरकवताना तू मला काय म्हणाला होतास?"

"दोन ठिकाणी मुद्दाम होतं म्हणालो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुला? लिस्टवर?" तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आईने मला घरात घेतलं नसतं."

"मग मला परत सांगायचंस."

"एकदा सांगितलं. तू नको म्हणालीस. मग मलाच वाटलं, तुला जास्त कळतं. तू बरं दिसतं म्हणालीस." आणि मग, एकदम सावध होऊन, "का? काय झालं?"

तिने सांगितलं. टेस्ट, निकाल, तिसरी आवृत्ती. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे एक ओळ परत घालायची. आत्ता घालतो. अर्ध्या तासात सातवी पाठवतो."

"सातवी आठवडाभर त्यांच्या मशीनवर राहायला हवी. म्हातारबुवा त्याशिवाय नवीन काही घेत नाहीत, तुला माहीत आहे. आणि मुदत उद्याची आहे."

"मग सहावी आत जाऊ दे. मागोमाग मी दुरुस्तीचा पॅच देतो. लोक करतात, वहिनी. सर्रास करतात."

"माहीत नसतं तेव्हा करतात."

"माझी नोकरी जाईल."

हे तो पहिल्यांदाच असं सरळ बोलला. इतके दिवस ते सासूबाई बोलत होत्या, नवरा बोलत होता. थोरली मशीनच्या काचेतून मोज्यांकडे बघत राहिली. कुणाचा कुठला ते या चष्म्याशिवाय नीट दिसत होतं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"आणि हे तुझ्याच…" तो थांबला.

"बोल."

"काही नाही."

"बोल रे. इथे लिस्ट नाही आणि मी जेवतही नाही."

"तुझ्याच सांगण्याने झालं."

"हो," थोरली म्हणाली. "तिसरी आवृत्ती आल्यावर हे म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

"तू ऐकलं असतंस?"

ऐकलं असतं की नसतं, हे तिला खरोखरच सांगता येईना. त्याने फोन ठेवला.

मेल लिहायला फार वेळ लागला नाही. चूक ही अशी आहे. ती तिसऱ्या आवृत्तीत आली. लिहिणाऱ्याने दुसऱ्या आवृत्तीत बरोबर लिहिलं होतं, माझ्या सांगण्यावरून त्याने ते बदललं, आणि बदललेलं मी नीट न वाचता चांगलं म्हटलं. सहाव्या आवृत्तीला माझी संमती नाही. सोबत टेस्ट. तिने ते एकदा वाचलं, धाकट्याच्या साहेबाच्या डोळ्यांनी आणखी एकदा वाचलं, आणि पाठवलं. मग म्हातारबुवांना वेगळं चार ओळींचं मेल लिहिलं. मग मोजे वाळत घातले.

संध्याकाळी सासूबाईंनी धाकट्याला जेवायला बोलावून घेतलं होतं. मटारची भाजी झाली होती आणि तिच्यात मीठ जास्त पडलं होतं, पण आज ते कुणी बोलून दाखवणार नव्हतं. मुलगी फोन बघत जेवत होती आणि आज तिला कुणी टोकत नव्हतं.

"दिलंस का नाव?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. चूक सापडली."

"सापडणारच. शोधायलाच बसल्यावर काय."

"माझीच सापडली, आई. त्याने बरोबर केलं होतं, मी बिघडवायला लावलं. तसं मी लिस्टवर लिहिलंय."

सासूबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांना आता नक्की कुणाची बाजू घ्यायची ते ठरवायचं होतं. "म्हणजे तूच चुकलीस, आणि नोकरी त्याची जाणार?"

"तसंही होईल."

"पण आता साहेबाला कळलं ना, याची चूक नाही ते," नवरा म्हणाला. "तेवढं तरी झालं."

धाकट्याने भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "साहेबाचं उत्तर आलंय मघाशीच. म्हणाला, घरची भांडणं घरात मिटवा. लिस्टवर आणू नका."

मुलगी फिसकन हसली आणि मग खोकल्यासारखं केलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी वेगळं काय सांगत होते?"

"पुढच्या फेरीत तर जाईल ना पॅच?" नवऱ्याने विचारलं. "सातवी आवृत्ती ही तपासेल, नाव देईल. साहेबाला तेवढं थांबायला सांग."

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"सातवी मी तपासणार नाही," थोरली म्हणाली. "पुढचीही कुठली नाही. म्हातारबुवांना कळवलंय, दुसरं कुणी बघा म्हणून. याच्या कामाखाली आता माझं नाव येणार नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. आणि आजपासून या टेबलावर कामाचं बोलायचं. जेवताना."